थांबणारा माग

“शेवटची चूक कवा झाली?”

हा प्रश्न आप्पा कुणालाही विचारत. अणुवीज केंद्राच्या संचालकाला, रिक्षावाल्याला, पंगतीत आमटी घेऊन फिरणाऱ्या वाढप्याला. एकदा तर बेळगावातल्या शहापूरच्या आपल्या घरी सत्यनारायणाला आलेल्या भटजींना त्यांनी तो विचारला. भटजी इतके गडबडले, की वाचून झालेली पोथी त्यांनी पुन्हा पहिल्या अध्यायापासून काढली आणि प्रसादाचा शिरा पार थंड झाला. काकी, म्हणजे आप्पांची बायको, पदर तोंडाला लावून आत जाऊन हसल्या.

आप्पा माझे वरिष्ठ. देशातल्या अणुवीज केंद्रांवर नजर ठेवणाऱ्या कार्यालयात आम्ही दोघं मुंबईला तपासनीस होतो. वीज तयार करायची नाही. करणारे नीट काळजी घेतात की नाही ते बघायचं आणि केंद्राला पुढं चालायचा परवाना द्यावा की नाही ते सांगायचं, एवढंच आमचं काम. माझ्या आईला ते शेवटपर्यंत कळलं नाही. “आमची पोरगी करंटचं चेक करती,” असं ती गल्लीभर सांगायची. मी सुट्टीला गावी, कंग्राळीला गेले, की लोक आपल्या घरचं मीटर फार पळतं म्हणून माझ्याकडं तक्रार घेऊन येत.

याच आप्पांनी म्हातारपणी मला एक तपासणी सोपवली. त्यांच्या स्वतःच्या घराची. त्या घरात त्यांनी एकट्यानं राहावं की राहू नये, ते मी ठरवायचं होतं. खरं तर तेच सांगायला बसलेय, पण आप्पा काही सरळ रेषेत सांगता येण्यासारखा माणूस नव्हे.

कार्यालयातला माझा पहिला दिवस. आप्पांनी माझ्याकडं न बघता विचारलं, “गाव?”

“बेळगाव.”

“बेळगाव लई मोठं हाय.”

“कंग्राळी.”

“खुर्द का बुद्रुक?”

“बुद्रुक.”

“बरं. बस कंग्राळी.”

तेव्हापासून माझं नाव कंग्राळी पडलं. आईवडिलांनी हौसेनं ठेवलेलं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कामाला यायचं. मोठ्या साहेबांच्या बैठकीतसुद्धा आप्पा म्हणत, “हे कंग्राळी सांगेल.” आणि नवे लोक कंग्राळी हे कुठल्या यंत्राचं नाव आहे, म्हणून हळूच शेजाऱ्याला विचारत.

तपासणीला गेलं की त्या केंद्राचा चहासुद्धा प्यायचा नाही, असा आप्पांचा नियम होता. कार्यालयाचा नव्हे, त्यांचा. काकींनी बांधून दिलेली भाकरी, शेंगाचटणी आणि थर्मास घेऊन ते निघत. आमच्यासाठी शेवयांची खीर, पुऱ्या, काय काय मांडलेलं असे आणि आप्पा कोपऱ्यात बसून कांदा फोडत. मला तिकडं बघायचीही चोरी होती. मात्र बॅगेत बेळगावच्या खडेबाजारातल्या कुंद्याचा, म्हणजे आमच्याकडच्या खव्याच्या मिठाईचा, एक खोका असायचा. तो आमच्यासाठी नसे. फिरून, बघून, बोलून झाल्यावर ज्या विभागानं आपल्या चुका आपणहून सांगितल्या असतील, त्या विभागाच्या प्रमुखाच्या हातात आप्पा तो खोका ठेवत आणि म्हणत, “पहिला नंबर.” तपासायला आलेल्यानंच लाच दिल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

एखादं केंद्र कसं चाललंय हे ठरवायला आमच्याकडं मोजमापं असतात. अणुभट्टी न ठरवता किती वेळा बंद पडली, वीज गेल्यावर लागणारे डिझेल जनरेटर चाचणीत झटकन सुरू झाले का, कामगारांच्या अंगावर किरणं किती गेली, बाहेरच्या हवापाण्यात काय सोडलं, किती बारीकसारीक घटना कळवल्या. प्रत्येक मोजमापाला एक चौकोन. ठीक असेल तर हिरवा, बिघडत असेल तर पिवळा, बिघडला असेल तर लाल. केंद्रवाले पडद्यावर हिरव्या चौकोनांच्या रांगा दाखवू लागले, की आप्पा खुशाल पेंगत. पहिल्यांदा मी लाजेनं अर्धी झाले. बाहेर आल्यावर ते म्हणाले, “हिरवं बघिटलं की मला विहिरीच्या पायऱ्या आठवत्यात. लई हिरवं असतंय तिथंच पाय घसरतोय.”

मग ते चालायला लागत. खाली, जिकडं पाहुण्यांना कुणी नेत नाही तिकडं. पंपांच्या खोल्या, जिन्याखालची अडगळ, झाडू ठेवायचं कपाट. नवा रंग दिसला की नखानं खरवडून बघत. कन्नड बोलणारा तंत्रज्ञ भेटला की कन्नडमध्ये, हिंदी बोलणारा भेटला की त्यांच्या त्या भयंकर हिंदीत, पण प्रश्न तोच. कुणी सांगितलं, “परवाच झाली साहेब, उलटा वॉल्व्ह फिरवला, लगेच ध्यानात आलं,” की आप्पांचा चेहरा खुले. कुणी छाती काढून सांगितलं, “चूक? आमच्याकडं? कधीच नाही,” की ते माझ्याकडं वळत. “कंग्राळी, हितं मुक्काम वाढीव.”

हे सगळं त्यांनी कुठल्या पुस्तकातून आणलं नव्हतं. ते आलं होतं शहापूरच्या त्यांच्या घरातून.

आप्पा विणकरांच्या घरातले. त्यांच्या वडिलांचे यंत्रमाग होते. मी पाहिलं तेव्हा त्यातला एकच उरला होता आणि तोही बंद. पण भिंतीपलीकडं शेजाऱ्यांचे चालू होते. त्या घरात हळू बोलून काही ऐकूच यायचं नाही. “जरा पाणी द्या” हेसुद्धा भांडल्यासारखं ओरडावं लागे. सुट्टीत मी पहिल्यांदा त्यांच्याकडं गेले, तेव्हा चहाच्या आधी आप्पांनी मला त्या बंद मागापाशी उभं केलं.

“हे बघ,” ते म्हणाले. बोटाएवढा एक लोखंडी काटा होता. “आडवा धागा हाय का न्हाय, हे ह्यो काटा चाचपत बसतोय. धागा तुटला की माग आपोआप थांबतोय. मग विणकर उठतोय, धागा जोडतोय, माग पुन्हा चालू. कळलं?”

“कळलं.”

“न्हाय कळलं. सूत कच्चं असलं की धागा सारखा तुटतोय. माग सारखा थांबतोय. विणकराला येतोय वैताग. मग त्यो काय करतोय?” आप्पांनी कोनाड्यातून साडीच्या काठाची एक चिंधी घेतली, तिची बारीक घडी केली आणि काट्याच्या फटीत बसवली. “आता काटा हालत न्हाय. माग थांबत न्हाय. दिवसभर खडखड, खडखड. बघणाऱ्याला वाटतंय, काय माग हाय! आणि संध्याकाळी साडी उलगडली की मधी वीतभर नुसते उभे धागे. आमच्या गल्लीत ही चिंधी कुणी घातली न्हाय, असा माणूस न्हाय. माझ्या बानं घातली, मी घातली.”

आतून काकींचा आवाज आला. त्या निपाणीच्या, तंबाखूच्या वखारीतल्या गलक्यात वाढलेल्या. मागांचा खडखडाट त्यांच्या आवाजापुढं काहीच नव्हता. “त्या पोरीला चहा पिऊ दे की वो! आल्या आल्या माग दाखवालाय!”

“थांबणारा माग चांगला गं, कंग्राळी,” आप्पा म्हणाले. “सारखा थांबाय लागला तर सूत बघ, तेल बघ. पर कधीच थांबत न्हाय असं कुणी सांगिटलं, तर पयली चिंधी हुडीक.”

अणुभट्टीचं अगदी तसंच असतं. काही बिनसलं की ती स्वतःहून बंद पडावी, अशीच तिची रचना असते. बंद पडली की गावात बोभाटा होतो, आमच्याकडं फोन येतात. खरं तर ती वेळेवर बंद पडली याचा अर्थ काटा जागेवर आहे. आप्पा हे सगळ्यांना सांगत. लोकांना पटत नसे आणि आप्पांना त्याचं फारसं दुःखही नसे.

मुलीचं लग्न ठरवतानासुद्धा त्यांनी तीच तऱ्हा केली. पहिलं स्थळ अनगोळचं. मुलगा देखणा, नोकरी चांगली, काकींच्या मनात पार भरलेला. पोहे खाताना आप्पांनी विचारलं, “शेवटची चूक कवा झाली?” मुलगा हसून म्हणाला, “मी शक्यतो चुका करत नाही.” आप्पांनी त्याच्या बशीत आणखी पोहे वाढायला लावले आणि नकार कळवला. काकी त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलल्या नाहीत. दुसरा मुलगा पुण्याहून आला तो उशिरा, घामाघूम होऊन. आप्पांनी प्रश्न टाकला. तो म्हणाला, “आत्ताच केली. आधी तुमच्या शेजारच्या घरात गेलो. त्यांनी काही न विचारता पोहे दिले, मी खाल्ले. मुलगी कुठं आहे विचारल्यावर त्यांनी आजीला पुढं आणलं.” आप्पा खुर्चीतून पडतील इतके हसले. तोच जावई झाला. संसार चांगला झाला, हेही सांगून टाकते.

आता घाटाखालच्या केंद्राची गोष्ट. नाव घेत नाही.

केंद्राचा परवाना वाढवायची वेळ आली होती आणि सगळे चौकोन हिरवेगार होते. संचालक हुशार, टापटिपीचे गृहस्थ. आप्पा पेंगत होते. मग एक डोळा उघडून म्हणाले, “तुमच्या पंपघराच्या तळघरात पाणी साचलं की घंटा होती. पावसाळा सरत आला. एकदाबी वाजली न्हाय?”

“नाही,” संचालक म्हणाले. “आमचं तळघर कोरडं आहे.”

“ह्या पावसात माझी पडवी कोरडी न्हाय, साहेब.”

आम्ही खाली गेलो. भिंतीवर एक लहानसं पॅनेल, त्यावर घंटा बंद करायचं बटण. आप्पा त्याच्यापुढं उभे राहिले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. हात लावला नाही. “कंग्राळी, काय हाय हे?”

बटणाच्या फटीत पुठ्ठ्याची बारीक घडी बसवलेली होती. बटण आत दाबलेलंच राहावं म्हणून.

“पुठ्ठा,” मी म्हणाले.

“नीट बघ.”

मी नीट बघितलं. “चिंधी,” मी म्हणाले.

आप्पांनी घडी काढली. घंटा अशी कडाडली, की बरोबरचे सगळे बटणाकडं धावले. आप्पांनी दोन्ही हात आडवे केले. “वाजू दे,” ते म्हणाले. “जरा वाजू दे.” त्या आवाजातच आम्ही खाली पंपापर्यंत गेलो. तिथं पाणी होतं. गच्चीवरचं पावसाचं पाणी नेणारा नळ तडकला होता, तेच झिरपत होतं. अणुभट्टीला त्यानं काहीही होणार नव्हतं, हे आप्पांनीच सगळ्यांत आधी सांगितलं. पण उद्या खुद्द पंपाचं पाणी गळलं असतं तरी हीच घंटा वाजायची होती, आणि तिचं तोंड बांधलेलं होतं.

वर बैठक बसली. हे कुणी केलं, संचालकांनी विचारलं. सगळ्या खोलीनं टेबलाकडं बघायला सुरुवात केली. मग मागच्या रांगेतून एक शिफ्ट इंजिनिअर उभा राहिला. तरुणच होता, ओठ पांढरे पडलेले.

“मी घातला, सर. लई बोंबलत होतं ते. नळ दुरुस्त करा म्हणून लिहून दिलं, कुणी बघितलं न्हाय. घंटा थांबत नव्हती. दुसऱ्या घंटा ऐकू येईनात. मग घातला.”

बोलीवरूनच मला गाव कळलं. निपाणी. आप्पांनाही कळलं असणार. त्यांनी माझ्याकडं बघायचं टाळलं.

संचालकांनी फाईल मिटली. “प्रश्न सुटला. याला आजच्या आज काढतो. एका माणसाचा बेजबाबदारपणा आहे, केंद्राचा नाही.” नियंत्रण कक्षात बसायला वेगळा परवाना लागतो. तो एकदा असा गेला, की देशातलं दुसरं केंद्र त्या माणसाला दारात उभं करत नाही. तो इंजिनिअर उभाच होता. बस म्हणून त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

“बस गा,” आप्पा म्हणाले. मग संचालकांकडं वळले. “ह्याला काढलासा तर मी पिवळा न्हाय, लाल लिवणार.”

“कशासाठी?”

“ह्या खोलीत चिंधी ठाऊक असणारे लई जण हाईत. उभा एकटा राहिला. ह्याला काढलं, की उद्या चूक झाल्यावर कुणी उभं राहणार न्हाय. मग तुमचे चौकोन हिरवे, माझे कागद हिरवे, आणि खाली पाणी. तुमचा काटा म्हंजे त्यो पोरगा हाय, साहेब. त्यालाच काढून टाकालाय.”

संचालकही काही कच्चे नव्हते. शांतपणे म्हणाले, “तुमच्या भागातला दिसतो.”

आप्पांनी चष्मा काढला. “निपाणी माझी सासुरवाडी. तिथल्या माणसाची बाजू मी उभ्या जन्मात घेतलेली न्हाय. घरी विचारा.”

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग संचालकही हसले. शेवटी केंद्राला पिवळा चौकोन मिळाला. नळ दुरुस्त करा, घंटा बदला, लेखी तक्रारीला उत्तर का मिळालं नाही ते सांगा, अशा अटी घातल्या. इंजिनिअरला पुन्हा प्रशिक्षण मिळालं, परवाना राहिला. मुंबईत आल्यावर आप्पांना दोन्हीकडून बोलणी बसली. कुणी म्हणालं फार कडक, कुणी म्हणालं फार ढिले. आप्पा दोघांनाही “व्हय, व्हय” म्हणाले आणि भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसले.

पुढल्या खेपेला आम्ही तिथं गेलो, तर केंद्रानं आपणहून कळवलेल्या लहानसहान चुकांचा ढीग होता. दिवा गेला, शिडी चुकीच्या जागी ठेवली, एक चाचणी उशिरा झाली. पडद्यावरचं चित्र अगदी कळकट दिसत होतं. आप्पा पेंगले नाहीत, शब्दन् शब्द ऐकत बसले. शेवटी कुंद्याचा खोका त्यांनी त्या निपाणीच्या इंजिनिअरच्या हातात ठेवला. “पहिला नंबर,” म्हणाले. तो तोंड फिरवून भिंतीकडं बघत राहिला. मला आजही कुंदा खाताना तो आठवतो.

आप्पा निवृत्त होऊन शहापूरला परतले. काही वर्षांनी काकी गेल्या. घरात आप्पा आणि तो बंद माग राहिले. मुलगी पुण्याला या म्हणून मागं लागली. आप्पा म्हणाले, मागांच्या आवाजाशिवाय मला झोप येत नाही. तिनं सांगितलं, तुम्ही गॅस चालू ठेवून विसरता, मला इथं झोप येत नाही. भांडण वाढलं, तेव्हा आप्पांनीच तोड काढली. “कंग्राळी सुट्टीला येतीया. ती घर तपासंल. ती लाल म्हणाली की मी पिशवी भरतो. तोवर कुणी बोलायचं न्हाय.” मुलीनं मला फोन केला. “आक्का, तुमच्यावर सोपवते. आप्पांचं मन राखायला म्हणून काही सांगू नका.”

मला हे काम नको होतं. पण आप्पांना नाही म्हणणं मला कधी जमलं नाही.

दर सुट्टीत मी तपासणीला गेले, की आप्पा दारातच सुरू करत. “परवा दूध उतू गेलं. मीच विसरलो. देवघरातला दिवा ठेवून बाजारात गेलतो. औषधाची गोळी दुबार घेतली, डॉक्टरला लगेच सांगिटलं. लिव.” मी हसत असे आणि मनातून निश्चिंत होत असे. जो माणूस इतकं सांगतोय, त्याचा काटा जागेवर आहे. पुण्याला फोन करून मी सांगायची, “पिवळा आहे, पण चांगला पिवळा आहे.” मुलीनं स्वयंपाकघरात खाली भिंतीला गॅस गळला की ओरडणारं एक पांढरं यंत्र बसवून घेतलं. आप्पांनी त्याची तपासणी करून त्याला पास केलं. असं बरेच दिवस चाललं आणि मला वाटलं असंच चालेल.

गेल्या सुट्टीत गेले, तेव्हा आप्पा पडवीत बसले होते. शर्टाची बटणं एक घर चुकलेली. पलीकडं माग चालू होते. मी ओरडून विचारलं, “मग आप्पा? शेवटची चूक कवा झाली?”

त्यांनी जरा विचार केला आणि छान हसले. “काय न्हाय झालं. ह्या खेपेला समदं हिरवं.”

‘हितं मुक्काम वाढीव,’ मला आठवलं.

“चहा करते,” म्हणून मी आत गेले. मोरीत दुधाची पातेली जळून काळी झाली होती. शेगडीवर उतू गेलेल्या दुधाचे थर वाळलेले. दूध उतू जात होतं, जाळ विझत होता, गॅस तसाच सुटत होता. मी खाली वाकले. त्या पांढऱ्या यंत्राच्या आवाजाच्या जाळीत साडीच्या काठाची एक चिंधी होती. बारीक, नीटस घडी. आमच्या बेळगावात अशी घडी विणकराच्याच हातची असते.

मी तिला हात लावला नाही. चहा घेऊन बाहेर आले. कप ठेवला, तसं आप्पांनी माझ्याकडं बघितलं. खूप वर्षं माणसांचे चेहरे तपासलेला माणूस तो. उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि वाकून बघत राहिले.

“लई बोंबलत असंल गं ते,” ते म्हणाले.

आणि मग त्यांनाच ऐकू आलं आपण काय बोललो ते. दाराची चौकट धरून ते तसेच उभे राहिले.

“आप्पा, शेगडी बदलू,” मी घाईघाईनं म्हणाले. “विजेची आणू, आपोआप बंद होणारी. कुणी बाई लावू सैपाकाला. आपण त्या केंद्राला टाळं लावलं नव्हतं. त्या पोराला काढलं नव्हतं.”

“त्या पोराला ठाऊक होतं की त्यानं घडी घातली,” आप्पा म्हणाले. “म्हणून त्यो उभा राहिला. मला ठाऊक न्हाय, कंग्राळी. हात माझाच हाय, घडी माझीच हाय. कवा घातली, आठवत न्हाय.” ते परत येऊन बसले. “फोन लाव पोरीला. तू बोलू नको. मी सांगतो.”

मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. मागांच्या वर आवाज चढवून आप्पा म्हणाले, “चूक झाली गं माझ्याकडनं. गॅसच्या घंटीत चिंधी घातली मी. ये आणि मला घेऊन जा. न्हाय, कंग्राळीनं न्हाय सांगिटलं. मीच सांगालोय.” पलीकडं मुलगी रडत होती. आप्पा तिला समजावत होते, रागावू नको, चूक सांगणाऱ्यावर रागवायचं नसतंय.

मला तिथं बसवेना. गॅसची मुख्य चावी बंद करून, आत्ता येते म्हणून उठले, रिक्षा केली, खडेबाजारातून कुंदा घेतला. परत आले तेव्हा आप्पा बंद मागापाशी उभे होते, त्या काट्यावर बोट ठेवून. मी खोका त्यांच्या हातात दिला.

“पहिला नंबर,” मी म्हणाले. त्या माणसावर माझा वडिलांइतका जीव होता आणि हे त्यांना मी कधी सांगितलेलं नव्हतं.

आप्पांनी खोका उघडला, थोडा कुंदा माझ्या हातावर ठेवला, थोडा स्वतः खाल्ला. मग मान आतल्या बाजूला हलवून म्हणाले, “चाचणी घे जा. चालू हाय का बघ.”

मी आत गेले, चिंधी उपसून काढली आणि यंत्राचं चाचणीचं बटण दाबलं. ते असं किंचाळलं, की पलीकडच्या मागांचा आवाजसुद्धा बुडाला. मी घाईनं बोट काढायला गेले.

“वाजू दे,” बाहेरून आप्पा म्हणाले. “जरा वाजू दे.”